अरबी समुद्रातील प्लवकांच्या नोंदी आणि बदलती मापनसाधने : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव समुद्रकिनाऱ्यापासून तीनशे किलोमीटरहून अधिक आत आहे. तरीही या गावाच्या प्राचीन वैभवाचा एक महत्त्वाचा पुरावा समुद्राकडून आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत ‘तगर’ नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी ही नोंद आहे. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले. पेरिप्लसच्या कर्त्याला माल, बंदरे व वारे यांत रस होता. म्हणून त्याच्या पुस्तिकेत ते आले. तगरच्या परिसरातील शेतकरी, त्यांची पिके, त्यांचे दुष्काळ यांविषयी तो काही लिहीत नाही. म्हणून ते नव्हते असे कोणी म्हणत नाही. साधनाच्या मर्यादेमुळे जे सुटले आणि जे मुळातच नव्हते, यांत फरक करणे हे इतिहासकाराचे पहिले काम होय.

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर मराठी इतिहासलेखनात ‘साधन’ हा शब्द पुरावा या अर्थाने रूढ झाला. विज्ञानात हाच शब्द उपकरण या अर्थाने वापरला जातो. हे दोन अर्थ वाटतात तितके दूर नाहीत. दीर्घकाळ चाललेल्या वैज्ञानिक नोंदी या कालांतराने ऐतिहासिक कागदपत्रच होतात आणि ज्या उपकरणाने त्या घेतल्या, त्याची चिकित्सा केल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. अरबी समुद्रातील प्लवकांच्या नोंदी हे याचे बोलके उदाहरण आहे. समुद्रातील जीवन वाढते आहे की घटते आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर कोकण व गोव्याच्या मच्छीमारांची उपजीविका अवलंबून आहे. परंतु हे उत्तर ज्या आकड्यांवरून द्यायचे, ते आकडे गेल्या साठ-सत्तर वर्षांत एकाच साधनाने घेतलेले नाहीत.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) अरबी समुद्रातील प्लवक-निरीक्षणाच्या साधनांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) साधन बदलल्याने नोंदींच्या अर्थात कोणते फरक पडतात हे तपासणे.
३) दीर्घकालीन नोंदींचे सातत्य टिकविण्याचे मार्ग इतर देशांच्या अनुभवाच्या आधारे स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

प्लवक आणि जाळे : पूर्वपीठिका

पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म व लहान जीवांना प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांच्यावर किंवा एकमेकांवर जगणारे ते प्राणिप्लवक. बांगडा व तारली हे मासे या प्लवकांवर पोसले जातात. त्यामुळे प्लवकांची मोजदाद ही समुद्राच्या शेतीची पीकपाहणीच ठरते.

‘प्लँक्टन’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केली. समुद्रातील जीवांची संख्यात्मक मोजणी करता येईल, हा त्यांचा मूळ विचार होता. त्यांनी वापरलेले जाळे पीठ चाळण्यासाठी गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या रेशमी कापडाचे होते. १८८९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली अटलांटिक महासागरात प्लवक-मोहीम निघाली. पुढच्याच वर्षी अर्न्स्ट हेकेल यांनी तिच्यावर टीका केली. प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसतात, ते थव्यांनी असतात. मग मोजक्या ठिकाणी ओढलेल्या जाळ्यांवरून संपूर्ण महासागराचा हिशेब कसा मांडायचा, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे प्लवक-मोजणीचे शास्त्र आणि त्याच्या साधनांविषयीचा वाद यांचा जन्म जवळजवळ एकाच वेळी झाला.

यानंतर हान्स लोमान यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. समुद्रातील ‘ऑइकोप्ल्युरा’ हा लहानसा जीव स्वतःभोवती अतिशय बारीक गाळणी तयार करतो. त्या गाळणीत लोमान यांना असे असंख्य जीव सापडले, की जे रेशमी जाळ्यात कधीच आले नव्हते. या अतिसूक्ष्म प्लवकांना त्यांनी १९११ मध्ये स्वतंत्र नाव दिले. चाळणीचा हा नियम उत्खननशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. उत्खननातील माती जाड चाळणीने चाळली तर खापरे व मोठे मणी हाती लागतात. बारीक मणी, धान्याचे जळके दाणे व माशांचे काटे मातीबरोबर जातात. उद्या त्याच पांढरीवर दुसऱ्या अभ्यासकाने बारीक चाळणी वापरली, तर त्या वस्तीत धान्य ‘वाढल्याचे’ दिसेल. वस्ती तीच असते, चाळणी बदललेली असते.

अरबी समुद्रातील प्रारंभीची निरीक्षणे :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजापासून भारतीय समुद्रातील जीवांच्या पद्धतशीर संग्रहणाला चालना मिळाली. या जहाजावर वैद्यकीय अधिकारी हाच निसर्गअभ्यासकही असे. पुढे याच परंपरेतील आर. बी. सीमोर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजातून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात आली. या काळातील दृष्टी प्रामुख्याने ‘कोणते जीव आहेत’ हे शोधण्याची होती. ‘किती आहेत’ हा प्रश्न त्या मानाने दुय्यम होता. जातींची यादी करण्यासाठी निरनिराळी जाळी वापरणे हिताचेच असते. मात्र अशा संग्रहावरून पुढील पिढीला संख्येची तुलना करता येत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर डी. व्ही. बाळ व एल. बी. प्रधान यांनी १९४० च्या दशकात प्लवकांचे निरीक्षण केले. एकाच परिसरात सलग काही वर्षे, ऋतूंनुसार नोंदी ठेवण्याचा हा प्रयत्न महत्त्वाचा होता. महासागरी मोहीम एखाद्या ठिकाणी एकदा येते आणि निघून जाते. किनाऱ्यावरील अभ्यासकाला तेच पाणी उन्हाळ्यात, पावसाळ्यात व हिवाळ्यात पाहता येते. दीर्घकालीन नोंदीचा पाया अशा पुनःपुन्हा घेतलेल्या निरीक्षणांवरच उभा राहतो.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आणि प्रमाण जाळे :

१९६० ते १९६५ या काळात झालेली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम ही या इतिहासातील निर्णायक घटना होय. अनेक देशांची मिळून चाळीसच्या आसपास जहाजे तीत सहभागी झाली. भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ हे जहाज त्यांत होते. अमेरिकेच्या अध्यक्षांची पूर्वीची नौका संशोधनासाठी बदलून तिला ‘अँटन ब्रून’ असे नाव देण्यात आले होते. तिच्या १९६३ मधील सफरींत मुंबई हे एक बंदर होते.

इतक्या देशांची जहाजे आपापली जाळी घेऊन आली, तर जमा होणारे नमुने एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत, ही अडचण संयोजकांच्या लक्षात आली. म्हणून रोनाल्ड करी यांनी ‘हिंदी महासागर प्रमाण जाळे’ तयार केले. या जाळ्याच्या तोंडाचा व्यास ११३ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ एक चौरस मीटर होते. विणीची छिद्रे ०.३३ मिलिमीटरची होती. दोनशे मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत ते सरळ उभे ओढून काढावयाचे, असे ठरले. हिशेब सोपा होता : एक चौरस मीटर तोंडाचे जाळे दोनशे मीटर वर ओढले की सुमारे दोनशे घनमीटर पाणी गाळले जाते.

जमलेले नमुने निवडण्यासाठी कोची येथे हिंदी महासागर जीवशास्त्रीय केंद्र स्थापन झाले. तेथे प्रत्येक नमुन्यातील प्राणिप्लवक गटवार वेगळे करण्याचे चिकाटीचे काम झाले आणि त्यातून हिंदी महासागरातील प्राणिप्लवकांचे नकाशासंग्रह प्रसिद्ध झाले. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक होते. संस्थेचे मुख्यालय पुढे गोव्यात आले आणि कोचीचे केंद्र संस्थेचे प्रादेशिक केंद्र बनले.

प्रमाण जाळ्याने एकाच मोहिमेतील जहाजांना एका भाषेत बोलायला लावले, हे त्याचे मोठे यश होय. तथापि त्याच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा विणीची. ‘ऑइथोना’सारखे बारीक कोपेपॉड आणि अनेक जीवांची पिल्ले ०.३३ मिलिमीटरच्या छिद्रांतून सहज निसटतात. दुसरी मर्यादा पाण्याच्या हिशेबाची. दाट प्लवकांच्या पाण्यात जाळ्याची छिद्रे बुजतात, वाऱ्याने जहाज सरकले की दोर तिरपा होतो. अशा वेळी दोनशे घनमीटरचा आकडा कागदावरच राहतो. तिसरी मर्यादा खोलीची. दोनशे मीटरचा सगळा स्तंभ एकाच जाळ्यात जमा झाल्याने कोणता जीव कोणत्या थरातला हे कळत नाही. चौथी मर्यादा वेळेची. अनेक प्राणिप्लवक दिवसा खोल जातात व रात्री वर येतात; त्यामुळे दुपारची ओढ व मध्यरात्रीची ओढ यांचे आकडे सारखे धरता येत नाहीत.

यांपैकी तिसरी मर्यादा अरबी समुद्राच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. या समुद्राच्या मोठ्या भागात साधारण शंभर-दीडशे मीटरखाली प्राणवायू अत्यंत कमी असलेला थर सुरू होतो आणि अनेक जीव त्याच्या वरच दाटीने राहतात. दोनशे मीटरपासून ओढलेले जाळे या विरळ थरातूनही येते. परिणामी सरासरी काढली की दर घनमीटरमागे जीवांचे प्रमाण प्रत्यक्ष वरच्या थरापेक्षा कमी दिसते.

नवी जाळी आणि ‘अरबी समुद्राचे कोडे’ :

१९७६ मध्ये ‘गवेषणी’, १९८३ मध्ये ‘सागर कन्या’ आणि १९८४ मध्ये ‘सागर संपदा’ ही जहाजे भारतीय संशोधकांना उपलब्ध झाली. त्याबरोबर जाळीही बदलली. किनारी पाहण्यांसाठी वेगळ्या तोंडाची व वेगळ्या विणीची जाळी आली. खोल समुद्रासाठी थरनिहाय उघड-मीट करणारे बहुजाळे आले. यात एकाच चौकटीला अनेक जाळी असतात आणि ठरविलेल्या खोलीवर एक मिटून दुसरे उघडते. या साधनाच्या तोंडाचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर आणि छिद्रे ०.२ मिलिमीटरची होती. ०.३३ व ०.२ या आकड्यांतील अंतर किरकोळ वाटते; पण छिद्राच्या क्षेत्रफळाचा विचार केला तर जुने छिद्र नव्याच्या जवळजवळ पावणेतीन पट ठरते.

१९९४ पासूनची काही वर्षे भारतीय शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रातील कार्बनचक्राचा सविस्तर अभ्यास केला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एम. मधुप्रताप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. अरबी समुद्रात वनस्पतिप्लवकांचे प्रमाण ऋतूंनुसार खूप बदलते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल पाणी वर येऊन आणि हिवाळ्यात पृष्ठभाग थंड होऊन पाण्याची घुसळण झाल्याने ते वाढते. मधल्या काळात घटते. असे असूनही वरच्या मिश्र थरातील प्राणिप्लवकांचे वस्तुमान वर्षभर जवळपास सारखेच आढळले. चारा कमी-जास्त होतो, पण गुरांची संख्या तीच राहते, असा हा प्रकार होता. हेच ‘अरबी समुद्राचे कोडे’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

जाळ्यात न येणारे जीवाणू व अतिसूक्ष्म प्राणी मधल्या दुष्काळी काळात अन्नसाखळी चालू ठेवतात, असे एक स्पष्टीकरण देण्यात आले. म्हणजे कोड्याचे उत्तर जाळ्याबाहेर शोधावे लागले. याच दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रात सुमारे ०.१५ मिलिमीटर छिद्रांची, थरनिहाय मिटणारी जाळी वापरली. त्यांना पश्चिम भागात, विशेषतः ओमानच्या किनाऱ्याकडे, नैऋत्य मोसमी काळात प्राणिप्लवकांची स्पष्ट वाढ दिसली. एकाच समुद्राच्या, एकाच दशकातील दोन चित्रांत जो फरक दिसतो, त्यात प्रदेशाचा वाटा किती आणि साधनाचा वाटा किती हे वेगळे करणे सोपे नाही. तीन मोहिमांत ०.३३, ०.२ आणि ०.१५ मिलिमीटर अशा तीन विणी वापरल्या गेल्या. त्यांचे आकडे एका आलेखावर सरळ मांडले, तर १९६० च्या दशकापेक्षा १९९० च्या दशकात अरबी समुद्र अधिक संपन्न झाला, असा आभास निर्माण होऊ शकतो. त्यातच जुने आकडे दोनशे मीटरच्या सरासरीचे आणि नवे वरच्या थराचे असतील, तर हा आभास आणखी गडद होतो.

वनस्पतिप्लवकांच्या क्षेत्रात साधनाने घडविलेली क्रांती याहून मोठी होती. एकेक पेशी प्रकाशझोतातून नेऊन मोजणाऱ्या उपकरणामुळे ‘प्रोक्लोरोकॉकस’ या सुमारे ०.६ मायक्रोमीटर आकाराच्या जीवाचा शोध लागला आणि १९८८ मध्ये तो जाहीर झाला. आज हा महासागरांतील सर्वाधिक संख्येचा प्रकाशसंश्लेषी जीव मानला जातो. अरबी समुद्रातही तो आहे. १९८८ पूर्वीच्या एकाही यादीत त्याचे नाव नाही. या मौनाचा अर्थ त्याचा अभाव असा कोणीही लावत नाही. तेच तर्कशास्त्र संख्येच्या बाबतीत मात्र अनेकदा विसरले जाते.

उपग्रहांचे युग आणि विरोधी भासणारे निष्कर्ष :

१९७८ मध्ये समुद्राचा रंग टिपणारे पहिले उपकरण अवकाशात गेले. पाण्यातील हरितद्रव्याचा अंदाज रंगावरून घेता येऊ लागला. हे उपकरण १९८६ मध्ये बंद पडले आणि ‘सीविफ्स’ हे पुढचे महत्त्वाचे अमेरिकी उपकरण १९९७ मध्ये सुरू झाले. मधली अकरा वर्षे रिकामी राहिली. दोन्ही उपकरणे एकाच समुद्राकडे एकाच वेळी कधी पाहू शकली नाहीत. त्यामुळे १९८० व २००० च्या सुमाराच्या आकड्यांची सरळ तुलना अवघड झाली. याउलट २००२ मध्ये सोडलेला ‘अ‍ॅक्वा’ उपग्रह आणि ‘सीविफ्स’ हे २०१० पर्यंत बरोबर चालले, म्हणून त्यांच्या नोंदी एकमेकांना जोडता आल्या. भारताने २६ मे १९९९ रोजी ‘ओशनसॅट-१’ आणि २३ सप्टेंबर २००९ रोजी ‘ओशनसॅट-२’ हे उपग्रह सोडून या क्षेत्रात स्वतःची नोंद सुरू केली.

उपग्रहालाही मर्यादा आहेत. त्याला पाण्याचा वरचा थरच दिसतो. अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक जेव्हा भरात असतात, त्या जून ते सप्टेंबरच्या काळात आकाश ढगांनी झाकलेले असते. म्हणजे पीक उभे असताना पाहणी करणाऱ्याच्या डोळ्यांवर पडदा येतो.

या पार्श्वभूमीवर दोन अभ्यास पाहण्यासारखे आहेत. २००५ मध्ये जोआकिम गोएस व सहकाऱ्यांनी १९९७ नंतरच्या उपग्रहनोंदींवरून असे मांडले की पश्चिम अरबी समुद्रात किनाऱ्यालगत उन्हाळी वनस्पतिप्लवकांचे प्रमाण ३५० टक्क्यांहून अधिक वाढले आहे. २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी उपग्रहनोंदी व संगणकीय प्रतिमाने यांच्या आधारे असे मांडले की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले आहेत. एक अभ्यास वाढ सांगतो, दुसरा घट. पहिल्याचा कालखंड सात वर्षांचा असून त्याची सुरुवात १९९७ या असाधारण एल निनो वर्षाने होते. दुसऱ्याचा कालखंड दीर्घ असला तरी त्याच्या पूर्वार्धात उपग्रह नाहीत, तेथे प्रतिमानांचा आधार आहे. दोहोंचे प्रदेश व ऋतूही एक नाहीत. यांपैकी कोणालाही खोटे ठरविण्याची गरज नाही. प्रत्येकाने कोणत्या साधनाने, केव्हापासून केव्हापर्यंत पाहिले हे वाचकाला ठाऊक असणे मात्र गरजेचे आहे.

जागतिक पातळीवर असाच वाद २०१० मध्ये झाला. जगभरच्या समुद्रांत वनस्पतिप्लवक एका शतकाहून अधिक काळ दरवर्षी सुमारे एक टक्का घटत आहेत, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजण्याच्या जुन्या नोंदी आणि हरितद्रव्याची प्रत्यक्ष मोजमापे एकत्र केली होती. जुन्या काळात तबकडी अधिक व नंतरच्या काळात प्रत्यक्ष मोजमापे अधिक, असे मिश्रण असल्याने घट काही अंशी साधनबदलाची असू शकते, असा आक्षेप २०११ मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी घेतला. मूळ अभ्यासकांनी आपल्या नोंदी पुन्हा तपासून उत्तर दिले. शास्त्रातील ही प्रश्नोत्तरे म्हणजे साधनचिकित्साच होय.

सातत्याचे दोन नमुने :

अन्य देशांतील दोन दीर्घकालीन नोंदी येथे मार्गदर्शक ठरतात. पहिली ब्रिटनमधील. अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी तयार केलेले सलग प्लवक-नोंदक यंत्र १९३१ पासून उत्तर समुद्रातील व्यापारी जहाजांच्या मागे ओढले जाऊ लागले. १.२७ सेंटिमीटरच्या चौकोनी तोंडातून पाणी आत येते आणि सरकत्या रेशमी पट्टीवर प्लवक अडकतात. या रेशमाची छिद्रे सुमारे ०.२७ मिलिमीटरची आहेत. बारीक जीव या यंत्रातूनही निसटतात. परंतु ते १९६० मध्ये जसे निसटत, तसेच २००० मध्येही निसटतात. साधनाचा दोष कायम राहिल्याने वर्षावर्षांची तुलना शक्य झाली. नायलॉन आले तरी येथे रेशीम सोडले गेले नाही, हा निर्णय जुन्या पद्धतीच्या हट्टातून घेतलेला नव्हता. नोंदीचे सातत्य राखण्यासाठी घेतलेला होता.

दुसरी नोंद कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील. तारलीचे उत्पन्न कोसळल्यावर १९४९ मध्ये ती सुरू झाली. १९६९ मध्ये रेशमी जाळ्याऐवजी नायलॉनचे आले आणि ओढण्याची खोली १४० मीटरवरून २१० मीटर झाली. १९७७ च्या अखेरीस एकेरी जाळ्याची जागा जोडजाळ्याने घेतली. १९९५ मध्ये तेथील प्राणिप्लवकांचे वस्तुमान १९५१ पासून ८० टक्क्यांनी घटल्याचे जाहीर झाले. साहजिकच ही घट समुद्राची की जाळ्याची, हा प्रश्न पुढे आला. येथे जुन्या व नव्या साधनांची तुलना करून ठेवलेली होती, तसेच मूळ नमुनेही जपलेले होते. त्यामुळे नमुने पुन्हा उघडून पाहता आले. घट खरी होती. पण ती मुख्यतः ‘साल्प’ व तत्सम जेलीसारख्या जीवांची होती, कोपेपॉडांची त्या प्रमाणात नव्हती. केवळ आकडे जपले असते, तर हे कधीच कळले नसते.

या दोन नमुन्यांच्या प्रकाशात कोचीच्या संग्रहाचे महत्त्व लक्षात येते. १९६० च्या दशकातील नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवले गेले. फॉर्मॅलिनमुळे आधुनिक जनुकीय तपासणी अवघड होते, तरी शरीररचना टिकते आणि जीव पुन्हा मोजता येतात. ४ डिसेंबर २०१५ रोजी गोव्यात दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा प्रारंभ झाला. पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी आजच्या आकड्यांची तुलना करण्याची ही संधी होती. अशी तुलना न्याय्य व्हावयाची, तर आजच्या बहुजाळ्याबरोबर काही ठिकाणी जुन्या मापाचे ०.३३ मिलिमीटरचे प्रमाण जाळेही त्याच पाण्यात, त्याच वेळी ओढले पाहिजे. नव्या साधनाच्या मानाने जुने साधन किती पकडते, हे गुणोत्तर एकदा हाती आले की साठ वर्षांपूर्वीचे नमुने बोलू लागतात.

विषयाची स्थानिक प्रस्तुतता :

बालाघाटच्या पठारावरील जिल्ह्याला समुद्रातील जाळ्यांशी काय कर्तव्य, असा प्रश्न स्वाभाविक आहे. जे नैऋत्य वारे अरबी समुद्रात खोल पाणी वर आणून प्लवकांना पोसतात, तेच धाराशिवच्या खरिपाला पाऊस देतात. त्याहून जवळचा संबंध मापनाचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी दररोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी माणसाने मोजण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. २०१७ नंतर राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते आणि नुकसानभरपाईचा विचार त्यावरून होतो. पाण्याच्या भाराने कलंडणारी लहान पात्रे वापरणारे पर्जन्यमापक मुसळधार पावसात काही प्रमाणात कमी नोंद करू शकतात, हे सर्वमान्य आहे. अशा वेळी दोन-चार मिलिमीटरचा फरकही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा ठरतो. शिवाय तालुक्याला एक मापक होता तेव्हा जे स्थानिक ढगफुटीसारखे पाऊस नोंदीतून सुटत, ते आता मंडळनिहाय जाळ्यात सापडतात. अतिवृष्टीच्या घटना वाढल्या असे आकडे सांगू लागले, तर पाऊस किती बदलला आणि जाळे किती दाट झाले, हे दोन्ही तपासावे लागेल.

निष्कर्ष :

१) अरबी समुद्रातील प्लवकांच्या नोंदी एकसलग नाहीत. संग्रहणाची जाळी, १९६०-६५ चे प्रमाण जाळे, थरनिहाय बहुजाळे आणि उपग्रह अशा टप्प्यांतून त्या तयार झाल्या आहेत. प्रत्येक टप्प्यातील आकडा त्या टप्प्याच्या साधनासह वाचणे आवश्यक आहे.

२) अधिक अचूक साधन स्वीकारणे इष्टच आहे. तथापि जुने साधन बंद करण्यापूर्वी दोन्ही साधने पुरेसा काळ, सर्व ऋतूंत बरोबर वापरली नाहीत, तर नोंदीचा धागा तुटतो. १९८६ ते १९९७ ही उपग्रहनोंदीतील पोकळी याचे उदाहरण आहे.

३) दोष स्थिर असलेली नोंद तुलनेसाठी उपयोगी पडते, दोष बदलत गेलेली नोंद, तिचा प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे अचूक असला तरी, दिशाभूल करू शकते.

४) मूळ नमुने व साधनांचा तपशील यांचे जतन हे आकड्यांच्या जतनाइतकेच महत्त्वाचे आहे. जाळ्याची वीण, ओढीची खोली, वेळ व जतनद्रव्य यांची नोंद नसलेला नमुना हा तारीख नसलेल्या पत्रासारखा असतो.

५) मत्स्यव्यवसाय, दुष्काळ व भरपाई यांविषयीचे निर्णय दीर्घकालीन नोंदींवर आधारलेले असतात. म्हणून साधनबदल ही केवळ तांत्रिक बाब न मानता तिची सार्वजनिक नोंद ठेवली जावी.

पेरिप्लसच्या कर्त्याने तगरचे कापड पाहिले आणि ते विणणाऱ्यांविषयी लिहिले नाही. त्याची नोंद अपुरी आहे, तरी मोलाची आहे. कारण तो कोण होता व काय पाहण्यासाठी आला होता हे ज्ञात आहे. समुद्रात उतरलेल्या प्रत्येक जाळ्याविषयी एवढी माहिती पुढील पिढीच्या हाती राहिली, तर तिला अरबी समुद्राचा इतिहास लिहिता येईल.